उन्हाळ्यातले अंथरूण

विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातली जुनी घरे उन्हाळ्याच्या रात्री आत झोपण्यासाठी बांधलेलीच नव्हती. हातभर, कधी दीड हात जाडीच्या मातीच्या नाहीतर दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे याला माळवद म्हणतात, खानदेशात धाब्याचे घर. मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ अंशांवर असताना भर दुपारी अशा घरात पाऊल टाकले की जिवाला बरे वाटते, हे खरेच आहे. पण भिंतीने शोषलेले ऊन कुठे नाहीसे होत नाही. ते जाड मातीतून सावकाश सरकत आठ-दहा तासांनी आतल्या बाजूला पोचते, म्हणजे नेमके माणूस अंग टाकायच्या वेळेला. तोवर बाहेरची कोरडी हवा निवू लागलेली असते आणि घराच्या भिंती मात्र आत उष्णता सोडत असतात. म्हणून दिवसा घर आणि रात्री अंगण किंवा माळवद, असा तो दोन भागांचा निवारा होता. ‘जुनी घरे उन्हाळ्यात थंड असत’ असे आपण सहज म्हणतो तेव्हा अर्ध्याच निवाऱ्याबद्दल बोलत असतो. उरलेला अर्धा निवारा आभाळाखाली होता, आणि त्याला बांधकाम लागत नव्हते, रीत लागत होती.

उकाडा सोसणे संस्कृतीवर अवलंबून असते असे म्हटले की लोक त्याचा अर्थ दोन प्रकारे लावतात. एक म्हणजे, उष्ण मुलखातल्या माणसाचे शरीरच तसे घडलेले असते, त्याला घाम लवकर सुटतो, रक्त त्वचेकडे लवकर वळते. यात तथ्य आहे, पण ते संस्कृतीचे नव्हे. थंड देशातला धडधाकट माणूस दोन आठवडे उन्हात राबला तर त्याच्याही शरीरात हे बदल बरेचसे होतात. दुसरा अर्थ असा की आपल्या लोकांचे मनच तयार झालेले असते, अपेक्षा कमी असतात, म्हणून तक्रार कमी. हा अर्थ मला धोक्याचा वाटतो, कारण त्यातून ‘यांना चालते’ हा निष्कर्ष फार सोपा होतो आणि तो नेहमी दुसऱ्याच्या अंगणाबद्दल काढला जातो. महाराष्ट्रातल्या उन्हाळी झोपेचा इतिहास पाहिला तर तिसरेच काहीतरी दिसते. संस्कृतीने माणसाला ठरवून दिले होते की कुठे, केव्हा, कशावर आणि कोणाच्या देखत अंग टाकता येते. अंथरूण हलवण्याची मुभा आणि ते हलवण्याचे कसब, हाच उकाड्यावरचा मुख्य उपाय होता. ज्याला ही मुभा होती त्याला झोप होती, ज्याला नव्हती त्याने त्याच तापमानात रात्र तळमळून काढली.

या कसबाकडे जरा जवळून पाहावे. दिवस मावळताना माळवदावर किंवा अंगणात पाणी शिंपडले जाई. तापलेल्या जमिनीवर पाणी पडताच आधी अंगावर येणारी वाफ उठते, म्हणून लगेच अंथरूण टाकायचे नाही. वाफ निघून जाईपर्यंत जेवणखाण उरकून घ्यायचे. मग बाजा बाहेर काढायच्या. बाज ही चौकटीवर सुतळी, सुंभ किंवा नवार विणून केलेली, आणि या हवेत तिच्याइतके शहाणे फर्निचर दुसरे नाही. कापसाच्या जाड गादीवर झोपलेल्या माणसाची पाठ आणि खालची बाजू झाकली जाते, तिथली उष्णता आणि घाम दोन्ही कोंडतात. बाजेला खालून वारा लागतो, अंगाची खालची बाजूही निवते. शिवाय जमिनीपासून हात-दीड हात वर असल्याने विंचूकाट्याची भीती कमी होते आणि ती एकट्याला उचलून वाऱ्याच्या तोंडाला नेता येते. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली की उघड्यावर निजलेल्या माणसाच्या अंगातली उष्णता थेट वर जाते, कारण रात्रीचे आभाळ भोवतालच्या हवेपेक्षा पुष्कळ थंड असते. छताखाली हीच उष्णता छताकडून परत येते. म्हणून हवेचे तापमान सारखे असले तरी गच्चीवरचा अनुभव आणि खोलीतला अनुभव एक नसतो. पहाटे हवा आणखी उतरली की पायाशी ठेवलेली चादर किंवा वाकळ ओढून घ्यायची. रात्रीत दोनदा-तीनदा असे फेरफार होत, आणि ते अर्धवट झोपेत, हातांच्या सवयीने.

ही रीत नुसती खेडवळ सोय नव्हती, तिला शास्त्राचा आधारही जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय ऋतुचर्येचा आहे. त्यात ग्रीष्मासाठी दिवसा थंड घरात आणि रात्री चांदण्याने निवलेल्या, वारा खेळणाऱ्या घराच्या माथ्यावर, अंगाला चंदन लावून झोपायला सांगितले आहे. त्याच ग्रंथात पुढे एकविसाव्या अध्यायात, इतर ऋतूंत दिवसा झोपणे अहितकारक मानूनही ग्रीष्मात मात्र ते हितकर ठरवले आहे, आणि कारण दिले आहे की रात्री लहान असतात व शरीर कोरडे पडलेले असते. म्हणजे उन्हाळ्यात झोपेची जागा आणि झोपेची वेळ दोन्ही बदलायची असतात, हे इथे सूत्ररूपाने आले आहे. चंदनाची उटी आणि हवेशीर माथा हे संपन्न घराचे चित्र आहे, हे उघड आहे. पण त्यामागचा हिशेब शेतकऱ्याच्या घरीही तोच होता. उघड्यावर झोपलेल्याला उन्हाळ्यात साडेपाचला उजाडताच उठावे लागते, कमी पडलेली झोप मग दुपारी घरात, भिंती अजून गार असताना भरून काढायची. सकाळी लवकर शेतात, दुपारी ओसरीत किंवा झाडाखाली एक डुलकी, संध्याकाळी पुन्हा काम. झोपेचे असे दोन तुकडे करणे हा आळस नव्हता. पुढे गिरणीच्या भोंग्याने आणि कचेरीच्या घड्याळाने दुपारचा तुकडा काढून घेतला, तेव्हा रात्रीच्या तुकड्यावर सगळा भार पडला. उन्हाळी झोपेची ही पहिली मोठी हानी, आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो.

घाट उतरून खाली गेले की सगळा हिशेब बदलतो. कोकणात मे महिन्यात पारा तेहतीस-चौतीसच्या फारसा वर जात नाही, पण रात्री तो सत्तावीसच्या खाली उतरायलाही तयार नसतो, आणि हवेत इतका ओलावा असतो की घाम अंगावरच राहतो. पाणी शिंपडून इथे काही साधत नाही. इथे उपयोगी पडतो तो वारा आणि थंड जमीन. म्हणून कोकणी घराला पडवी, ओटी आणि समोर खळे. म्हणून कौलांच्या फटींतून हवा जाऊ देणारे उतरते छप्पर. म्हणून शेणाने सारवलेल्या जमिनीवर पातळ चटई, जिच्यातून अंगाची उष्णता थेट जमिनीत उतरते. नागपूरचा माणूस जिथे जमिनीपासून वर उचलला जातो तिथे रत्नागिरीचा माणूस जमिनीला चिकटतो. एकाच भाषेच्या मुलखात, एकाच ऋतूत, आरामाच्या दोन उलट रीती आहेत आणि दोन्ही आपापल्या हवेला धरून आहेत. कोकणातून लाखो माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली तेव्हा त्यांना चाळीतली दहा बाय बाराची खोली मिळाली. तिच्यात एक कुटुंब, शिवाय गावाकडची माणसे, पाळीपाळीने झोपणारी. खोली पुरणे शक्यच नव्हते, म्हणून पुरुष गॅलरीत, जिन्यात, गच्चीवर आणि फूटपाथवर पसरले. पडवीचे काम गॅलरीने केले, ओट्याचे काम फूटपाथने. याला नुसते दारिद्र्य म्हणणे अपुरे आहे आणि नुसती परंपरा म्हणणे अन्यायाचे. जागेचा तुटवडा नसता तर फूटपाथवर कोणी गेले नसते. पण बाहेर, सगळ्यांच्या देखत झोपण्यात कमीपणा न मानणारी रीत सोबत आलेली नसती, तर त्या खोल्यांत उन्हाळा काढणे जवळजवळ अशक्य होते.

याच मुलखात याच काळात इंग्रजही उन्हाळे काढत होते. नागपूरजवळ कामठीची छावणी १८२१ची. तिथे आलेल्या गोऱ्या माणसाला त्याचे वैद्यक सांगत होते की उष्ण देशातली रात्रीची हवा दूषित असते, तीतून ज्वर येतो. म्हणजे बाहेरची हवा निवते नेमक्या त्याच वेळी तिच्यापासून दूर राहायचे. वरच्या हिंदुस्थानात अनेक इंग्रजांनी हा धाक झुगारून बंगल्याच्या हिरवळीवर खाटा टाकल्या, हेही नमूद करायला हवे. पण घरात झोपणाऱ्याला घर थंड करावे लागे, आणि त्यासाठी माणसे लागत. दारांना वाळ्याच्या ताट्या, त्यांवर सतत पाणी मारणारा भिस्ती. आत छताला टांगलेला कापडी पंखा आणि व्हरांड्यात बसून रात्रभर त्याची दोरी ओढणारा पंखेवाला. त्याला झोप लागली की पंखा थांबे, साहेब जागा होई, आणि मग शिव्या, कधी लाथा. एकाची झोप दुसऱ्याच्या जागरणावर उभी होती. डोंगरावर जाण्याची वाटही साहेबांनी काढली. महाबळेश्वरला १८२८च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने वसाहत उभारली आणि मुंबई सरकार उन्हाळ्यात तिकडे जाऊ लागले. तेही अंथरूण हलवणेच, फक्त पूर्ण सरकारसकट. मात्र वाळ्याची ताटी इंग्रजांनी आणलेली नाही, ती इथलीच, आणि पुढे नागपूरच्या कूलरमध्ये ती पत्र्याच्या पेटीत बसली.

विसाव्या शतकात आराम प्रयोगशाळेत गेला. १९२३ साली अमेरिकेत हॉटन आणि याग्लो या संशोधकांनी तापमान आणि आर्द्रता यांच्या कोणत्या जोड्या माणसाला सारख्याच सुखाच्या वाटतात त्याच्या रेषा आखल्या. १९७० साली डेन्मार्कच्या पोव्हल ओले फँगरने माणसाचे काम, कपडे, हवा, ओलावा आणि वारा यांवरून आराम सांगणारे समीकरण दिले, आणि जगभरच्या वातानुकूलित इमारतींचे मापदंड त्यावर उभे राहिले. माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप फँगरचाच आहे. त्याने अमेरिकन आणि डॅनिश विद्यार्थी तपासले, उष्ण कटिबंधातून नुकतीच कोपनहेगनला आलेली माणसेही तपासली, आणि त्याला आढळले की एकसारखे कपडे घालून बसवले तर सगळे जवळपास एकच तापमान पसंत करतात, साधारण सव्वीस अंशांच्या आसपास. मग संस्कृतीचा प्रश्न उरतो कुठे? हा निष्कर्ष मी नाकारत नाही. तो एका विशिष्ट परिस्थितीचा निष्कर्ष आहे, एवढेच. त्या खोलीत माणसाला कपडे ठरवून दिलेले होते, जागा ठरवून दिलेली होती, हातात पंखा नव्हता, उठून बाहेर जायची सोय नव्हती. ज्या ज्या गोष्टींतून संस्कृती काम करते त्या सगळ्या दाराबाहेर ठेवल्या, आणि आत उरलेल्या देहात संस्कृती सापडली नाही.

बाहेरच्या जगात मोजमाप केले तेव्हा वेगळेच आकडे आले. १९६०च्या दशकात रुरकी आणि बगदाद इथे रोजच्या व्यवहारातल्या माणसांची निरीक्षणे घेतली गेली होती. फर्गस निकोल यांनी १९७४ साली त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. पारा तिशीच्या वर गेला तरी पुष्कळांना त्रास वाटत नव्हता, विशेषतः हवा हलती असताना. रुरकीच्याच केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेतल्या शर्मा आणि अली यांनी १९८६ मध्ये भारतीय उन्हाळ्यासाठी स्वतंत्र निर्देशांक मांडला, त्यात सुखाचा पट्टा २५ ते ३० अंशांचा. माधवी इंद्रगंटी यांनी २००८च्या उन्हाळ्यात हैदराबादच्या फ्लॅटमधल्या लोकांना त्यांच्याच घरात विचारले, तेव्हा सुखाचा मध्य २९ अंशांच्या जरा वर आणि पट्टा २६ पासून ३२ च्या वरपर्यंत निघाला. या अभ्यासांनी फँगरला खोटे पाडले असे मी म्हणणार नाही. देह तोच आहे. पण सुती कपडे, पंखा, उघडी खिडकी, थंड फरशी आणि बसायची जागा बदलायची मोकळीक मिळाली की तोच देह तीन-चार अंश जास्त आनंदाने सोसतो.

दुसरा आक्षेप झोपेविषयीचा आहे आणि तो जास्त बोचरा आहे. जागा माणूस पंखा हलवेल, जागा बदलेल. झोपलेला काय करणार? झोप लागण्यासाठी शरीराच्या गाभ्याचे तापमान उतरावे लागते आणि स्वप्नांच्या झोपेत तर शरीर आपले तापमान सांभाळण्याचे काम जवळजवळ सोडून देते. २०२२ साली ‘वन अर्थ’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ६८ देशांतल्या ४७ हजारांहून अधिक लोकांच्या मनगटावरच्या पट्ट्यांतून झोपेच्या नोंदी घेतल्या होत्या. तीस अंशांहून उष्ण रात्री झोप सरासरी चौदा मिनिटांहून थोडी जास्त घटते, वृद्धांची अधिक घटते, आणि गरीब देशांत घट श्रीमंत देशांपेक्षा कितीतरी जास्त. सवयीने माणूस रुळतो याचा पुरावा त्यात फारसा नाही. हे वाचून ‘आपल्याला उन्हाची सवय आहे’ म्हणणाऱ्याने गप्प बसावे. पण त्या पट्टीला माणूस कुठे झोपला होता हे कळत नाही. गच्चीवर की स्लॅबखाली, बाजेवर की फोमच्या गादीवर, याची नोंद त्यात नाही. गरीब देशातला पट्टी बांधणारा माणूस बहुधा शहरातला, सिमेंटच्या घरातला असणार, ज्याची जुनी मुभा गेली आहे आणि नवे यंत्र अजून परवडलेले नाही, असे मला दिसते. तसे असेल तर ती आकडेवारी या लेखातल्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही, ती मुभा जाण्याची किंमत किती आहे ते सांगते.

मात्र ही मुभा सगळ्यांना सारखी कधीच नव्हती, आणि हे विसरून केलेला जुन्या रात्रींचा गौरव मला मान्य नाही. चावडीवर, देवळाच्या ओट्यावर, रस्त्याकडेला बाज टाकून पुरुष झोपत. बाया भिंतीआडच्या अंगणात, मागच्या परसात, आणि ते नसेल तर तापलेल्या खोलीत. घरात नवी आलेली सून सासऱ्या-दिरांच्या देखत उघड्यावर अंग कसे टाकणार? चाळीच्या गॅलरीत नवरा, सासरा, गाववाले. खोलीत चुलीच्या धगीशेजारी ती आणि मुले. देवळाचा ओटाही गावातल्या प्रत्येक जातीसाठी नव्हता. म्हणजे एकाच गावात, एकाच रात्री, एकाच तापमानात माणसांचे सुख त्यांच्या लिंगाप्रमाणे आणि जातीप्रमाणे बदलत होते. संस्कृती उकाडा घडवते याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही, आणि तो अभिमानाने सांगण्याजोगा नाही. त्या गौरवात डासही विसरले जातात. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासातून मलेरियाचा माग काढला, तेव्हा रात्रीच्या हवेला भिणाऱ्यांची भीती चुकीच्या कारणासाठी पण अगदीच निराधार नव्हती हे दिसले. उघड्यावरच्या झोपेने ज्वर आणले, सर्पदंश आणले. बाज आणि मच्छरदाणी यांनी त्यातले काही टळले, सगळे नाही.

मग ही रीत मोडली कशाने? यंत्राने मोडली असे आपण पटकन म्हणतो, पण क्रम तसा नाही. आधी छत बदलले. मातीच्या माळवदाच्या जागी चार-पाच इंचांचा सिमेंटचा स्लॅब आला. तो दुपारीच खोली तापवतो आणि मध्यरात्रीपर्यंत धगधगतो, म्हणजे जुन्या घराचा दिवसाचा फायदा गेला आणि रात्रीचा तोटा तसाच राहिला. मग गच्ची सामायिक झाली आणि कुलपात गेली. शेजारी अनोळखी झाले, आणि अनोळखी माणसांच्या देखत झोपणे बेअब्रूचे वाटू लागले. नागपूरकडे या मधल्या काळात कूलरने मोठी मजल मारली. खिडकीला टेकवलेली पत्र्याची पेटी, तीन बाजूंना लाकडाच्या गवताच्या किंवा वाळ्याच्या ताट्या, खाली पाणी आणि पंप. कोरड्या मे महिन्यात त्याने खोली झोपण्याजोगी होते, आणि जिला अंगणात झोपता येत नव्हते त्या बाईला त्याने प्रथमच गार रात्र दिली. हे त्याचे श्रेय मोठे आहे. पण जूनमध्ये ढग जमले की हवेतला ओलावा वाढतो, कूलर नुसता चिकचिकाट करतो, आणि तेव्हा एसीची गरज खरी वाटू लागते. मुंबईत कूलर कधीच चालणार नव्हता, तिथे पंख्यावरून थेट एसी. एसीने खोली बंद केली, आणि बंद खोलीची सवय लागलेल्याला तेहतीस अंशांतल्या वाऱ्याची झुळूकही गरम वाटते. १ जानेवारी २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसीचे सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले आहे; भारतातल्या मोजणीतले सुखाचे आकडे त्याहून बरेच वर असूनही.

नियम करणाऱ्यांपर्यंत हा इतिहास थोडाफार पोचला आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच शहरांतल्या कचेऱ्यांत मोजणी करून भारतासाठी आरामाचे वेगळे प्रतिमान मांडले आणि ते २०१६च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत आले. २०१८च्या इको निवास संहितेत घराच्या उघडणाऱ्या खिडक्यांचे किमान क्षेत्र ठरवले आहे, मुंबईसारख्या दमट हवेत जमिनीच्या क्षेत्राच्या सहाव्या हिश्श्याएवढे. पण कचेरीतली मोजणी दिवसाची, जाग्या माणसांची. आणि खिडकी उघडणारी असणे आणि रात्री उघडी राहणे यांत सगळा फरक आहे. तळमजल्यावर एकटी राहणारी बाई चोराच्या आणि नजरेच्या भीतीने ती लावून घेते. झोपडपट्टीतल्या पत्र्याच्या खोलीचे दार गल्लीकडे उघडते म्हणून तेही बंद. हवामान खाते दिवसाचा पारा चाळिशीच्या वर असून रात्रीचे किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंश वर गेले तर ‘उष्ण रात्र’ जाहीर करते, आणि अशा रात्री आता लोकांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. शहरांच्या उष्णता कृती आराखड्यांत पाणपोया आहेत, दुपारच्या सूचना आहेत. गच्चीचे कुलूप कोणाकडे असते, सार्वजनिक बागा रात्री नऊला का बंद होतात, आणि त्या उघड्या ठेवल्या तर तिथे बायकांना निर्धास्त पाठ टेकता येईल अशी राखण कोण ठेवणार, हे प्रश्न आराखड्यात आले पाहिजेत.